सातातला एक फण

जून संपता संपता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वावरात सोयाबीनच्या उगवणीच्या तक्रारीवर गेलो. "भाऊ, बियानंच बोगस निघालं," शेतकरी म्हणाला. मोजपट्टी घरी राहिली होती. खिशात एटीएम कार्ड, पाचशेची कोरी नोट आणि चिल्लर.

बियाणं खराब असतं तर वावरभर विरळ दिसलं असतं. इथे अख्खी तासं (पेरणीच्या ओळी) कोरी होती, तीही हिशोबात : दोन कोऱ्या तासांमध्ये एकदा दहा उगवलेली, मग दोन, पुन्हा दहा. पेरणी सात फणांच्या, म्हणजे माती चिरून बी सोडणाऱ्या सात दातांच्या, यंत्राने झालेली. ट्रॅक्टर धुऱ्याशी (बांधाशी) वळून उलटा आला की कडेपासून दुसरा फण सहाव्या जागी येतो, म्हणून कोरं तास २, १३, १६, २७ असं पडतं. संशय फणावर गेला.

आता खोली. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब असते. लांबीत एक घडी घातली की ७५, दुसरी घातली, म्हणजे चौघडी केली, की साडेसदतीस; सोयाबीनला ३ ते ४ सेंटिमीटर खोली हवी, त्यामुळे ही दुसरी घडी फार कामाची. कार्डाची आखूड बाजू ५४ मिलिमीटर. बी तिच्याही खाली गेलं तर उगवण धोक्यात.

विळ्याने तासाला आडवा, सरळ उभा काप घेतला. काप तिरका गेला तर माप वाढतं. मोजायचं ते बियाच्या थेट वरच्या मातीपासून, शेजारच्या वरंब्याच्या टोकापासून नाही. उगवलेल्या तासात बी चौघडीला भिडलं. कोऱ्या तासात कार्डाची आखूड बाजू पुरलीच नाही. एका घडीची नोट लागली, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. बियांना कोंब होते, पण वर कडक पापडी, आणि कोंब वाकून आतच थांबलेले. बियाणं जिवंत होतं.

यंत्र डांबरी रस्त्यावर उभं केलं. एकच फण टेकला, बाकीच्यांखाली चौघडी जेमतेम सरकली. क्लॅम्पचा बोल्ट ढिला होऊन फण खाली घसरला होता.

फोटोत मापाला नाणं ठेवायचं तर दहाचं ठेवावं, २७ मिलिमीटर. रुपयाचं नको : जुना २५, २०११ नंतरचा २२, २०१९ नंतरचा २०, आणि फोटोत साल कोण वाचतो? नाणं बियाच्याच पातळीत हवं. कॅमेऱ्याकडे पुढे आलं की मोठं दिसतं आणि खोली कमी वाटते. नोटही चुरगळलेली नको, आखूड भरते.

तीन नोटा लांबीने जोडल्या की ४५ सेंटिमीटर, सोयाबीनच्या दोन तासांतलं अंतर. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काडीवर तेवढं माप घेऊन, टोकाशी चौघडीची खूण केली आणि कोऱ्या तासात टोकणीने, म्हणजे हाताने बी टोचून, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला त्याच दिवशी माणसं लावली.