दूध नाही, लोणी नाही, मग वर पांढरं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर केकवरच्या आयसिंगवर एवढं बोलणाऱ्यांतली मी नव्हे. पण लेकीच्या वाढदिवसाला आलेलं प्रत्येक मोठं माणूस पहिला घास घेतं आणि विचारतं, "दूध नाही, लोणी नाही, मग वर हे पांढरं काय लावलंयस?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "ते बाजारात मिळतं ते नॉन-डेअरी क्रीमच ना?"

नाही. ते नाहीच. आणि ते का नाही, हे आधी सांगायला हवं.

लेक दहा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा वाटीभर खीर दिली आणि अर्ध्या तासात तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. तपासण्यांनंतर कळलं की तिला दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे. लोक याची गल्लत दूध न पचण्याशी करतात. न पचण्यात भानगड लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची असते. पोट फुगतं, जुलाब होतात. अशा माणसाला चमचाभर तूप सहसा बाधत नाही. आमच्याकडे भानगड केसीनची, म्हणजे दुधातल्या एका प्रथिनाची. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून आमच्या घरात तिच्या पोळीला तूप नाही. "अगं, तुपानं काय होतंय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती हसते आणि डबा झाकते.

ती तीन वर्षांची झाली तेव्हा मी एका केकवाल्यांकडे स्पष्ट सांगून केक करून घेतला होता. दूध नको, लोणी नको. ते म्हणाले, "मॅडम, आमचं क्रीम नॉन-डेअरीच असतं." केक आला, कापला, आणि अर्ध्या तासात तेच. गांधी, ओठ, औषध, रिक्षा. ती बरी झाली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या क्रीमचं खोकं बघायला मागितलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सोडियम केसिनेट. ते दुधापासूनच काढतात. त्या क्रीममधला स्निग्ध भाग पामच्या बियांच्या तेलाचा असतो, दुधाचा नसतो, म्हणून त्याला नॉन-डेअरी म्हणायचं. पण फेटल्यावर फुगावं, फुगलेलं टिकावं, म्हणून त्यात बऱ्याचदा दुधातलंच प्रथिन घालतात. खोटं कुणी बोललं नव्हतं. त्या बिचाऱ्यांनाही शब्दाचा अर्थ माझ्याइतकाच माहीत होता.

तेव्हापासून पुडक्याची पुढची बाजू मी वाचतच नाही, पाकीट थेट उलटं करते. हिरव्या ठिपक्याचा इथं काही उपयोग नाही, कारण आपल्याकडे दूध शाकाहारीच. कामाची ओळ घटकांच्या यादीखाली असते, 'कंटेन्स' अशी सुरू होणारी. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनुसार दूध असेल तर ते तिथं लिहावं लागतं. व्हे, केसिनेट, मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, सगळी एकाच घरातली भावंडं. हिरव्या 'व्ही'वर छोटं रोपटं असलेलं व्हीगनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसल्याचं, चिन्ह दिसलं तर जरा हायसं वाटतं, तरी ती ओळ मी वाचतेच.

आता मूळ मुद्दा. आयसिंग म्हणजे काय, तर स्निग्ध पदार्थात साखर घालून इतकं फेटायचं की त्यात हवा धरून राहील. दुधाचं त्यात फारसं काम नाहीच. काम आहे स्निग्धाचं, आणि तो खोलीच्या उष्णतेत घट्ट राहायला हवा. चवीवर लोक उगाच डोकं लढवतात. माझे तीन केक गेले, त्यातला पहिला चवीमुळे नाही, पुण्याच्या उन्हामुळे.

पहिला गेला नारळाचा. नारळाच्या दुधाचा टेट्रापॅक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, वरचा घट्ट थर काढून फेटायचा, अशी सोपी युक्ती मला कळली होती. पहिल्या खोक्यात थरच धरला नाही, कारण दूध फाटू नये म्हणून त्यात घातलेले पदार्थ आपलं काम चोख करत होते. दुसऱ्यात धरला, फेटल्यावर देखणा फुगला, केकवर बसला आणि मेणबत्त्या लावेपर्यंत ताटात उतरला. एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर 38 अंश. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. डिसेंबरात डोक्याला लावायच्या खोबरेलाची निळी बाटली आपण उन्हात ठेवतो की नाही? खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे. त्यावर एप्रिलमध्ये केक उभा करायला निघाले होते मी.

दुसरा केक साध्या पद्धतीचा होता. दूध नसलेलं मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं घट्ट, एक भाग, पिठीसाखर दोन भाग. टिकला, पण इतका गोड की मुलांनीसुद्धा वरचं बाजूला सारून खालचा केक खाल्ला. मुलांनी! तिसऱ्यात मी डालडा वापरला. लहानपणीच्या बेकरीतल्या केकवरची ती गुलाबी फुलं आठवतात? तोंडात टाळूला चिकटून बसणारी? अगदी तस्सं झालं. आठवणीत ते फार छान होतं, तोंडात नाही.

मग सापडली पिठाच्या लापशीची पद्धत. अमेरिकेत रेड वेल्व्हेट केकवर जुन्या घरांतून हेच लावायचे. मैदा दुधात शिजवायचा, गार करायचा आणि फेटलेल्या लोण्यात मिसळायचा. मी पहिल्यांदा ती लापशी ढवळत होते तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "अगो, ही तर खळ. पतंगाला लावतात ती." आणि झालं, आमच्या घरात त्याचं नाव खळीचं आयसिंग पडलं.

त्यांचं खरंच होतं. मैद्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून तर खळ चिकटते. इथं तीच खळ पाणी सांभाळते. त्यामुळे साखर निम्म्यानं कमी करता येते, कारण आकार धरायचं काम आता एकट्या पिठीसाखरेवर नसतं.

माझं प्रमाण असं. मैदा सपाट चार मोठे चमचे, साधी साखर 150 ग्रॅम, बिनसाखरेचं सोया दूध 250 मिलिलिटर, दूध नसलेलं मार्जरीन किंवा व्हीगन बटर 200 ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला दोन लहान चमचे. सात इंची केकला आत आणि बाहेर पुरतं. सोयाही चालत नसेल तर ओट्सचं दूध घ्या. नारळाचं घेतलंत तर व्हॅनिला आयसिंग म्हणू नका, नारळी आयसिंग म्हणा, कारण मग दुसरा कुठलाच वास लागत नाही.

मैदा आणि साखर कोरडीच नीट मिसळा, मग थोडं थोडं दूध घालत सारखं करा आणि मंद आचेवर ठेवा. पिठलं करताना हात थांबवत नाही तसा इथंही थांबवायचा नाही. आधी काहीच होत नाही, कंटाळा येतो. मग तळाशी चमचा जड लागायला लागतो, आणि दोन-तीन मिनिटांत सगळंच आळतं. चमच्यानं रेघ ओढली की भांड्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. तिथून आणखी एक मिनिट शिजवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. गुठळ्या झाल्याच तर गाळणीतून दाबून काढा. ताटलीत पसरून वर प्लास्टिक अगदी चिकटवून ठेवा, कारण सोया दुधावरही साय धरते. दुधाची भानगड नको म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि साय वेचत बसायचं, हा विनोद मला अजून पचलेला नाही.

खळ पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. तळहाताच्या मागच्या बाजूला लावली तर कोमटही लागता कामा नये. मार्जरीन बीटरनं पाच मिनिटं फेटून पांढरटसर हलकं करा आणि मग खळ एकेक चमचा घालत फेटत राहा. मध्येच ते फुटल्यासारखं, दाणेदार दिसेल. इथं बहुतेक जण मला घाबरून फोन करतात. फेटत राहा, येतं परत. दाणेदारच राहिलं तर ते फार गार आहे, भांडं गरम पाण्यावर दहा सेकंद धरा. पातळ पाण्यासारखं झालं तर खळ गरम होती, भांडं वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. मी आजवर एकही घाणा टाकलेला नाही.

उन्हाळ्यात यातलं 30 ग्रॅम मार्जरीन काढून त्याजागी कोको बटर घालते. ते चॉकलेटला घट्टपणा देतं आणि 34 अंशांच्या पुढे वितळतं. नावात बटर आहे, पण ते कोकोच्या बियांचं, दुधाशी संबंध नाही. वितळवून, गार पण अजून वाहतं असताना, खळ घालायच्या आधी मार्जरीनमध्ये फेटायचं. महाग पडतं, म्हणून फक्त मार्च ते जून. असा केक फ्रिजमध्ये दगड होतो, कापायच्या आधी पाऊण तास बाहेर काढा.

व्हॅनिला शेवटी. शिजताना घातला तर वास वाफेबरोबर घरभर जातो आणि केकमध्ये उरत नाही. लोण्याचा स्वतःचा एक दरवळ असतो, तो इथं नाही, त्यामुळे सगळी भिस्त व्हॅनिलावर आणि त्या चिमूटभर मिठावर. वाण्याकडची इसेन्सची छोटी बाटली चालते. तिच्यातलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ, कारखान्यातलं असतं, पण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. जर्मनीत 1874 साली ते पहिल्यांदा बनवलं गेलं, आणि आपल्या सगळ्यांच्या लहानपणीच्या आइस्क्रीमचा वास तोच आहे. खरी शेंग मी एकदाच वापरली. काळे ठिपके दिसले तशी लेक म्हणाली, "आई, यात मुंग्या गेल्यात."

रंग पिवळट येतो, मार्जरीनचा. पांढरंशुभ्र हवं असेल तर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच जांभळा रंग घालून फेटा. सदऱ्याला नीळ देतात त्यातलाच प्रकार. जरा जास्त झाला की केक आजारी दिसतो.

हे सगळं आज पुन्हा लिहिलं कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवालाही हेच निदान झालंय. येत्या रविवारी त्याचा पहिला वाढदिवस. काकू मघाशी वर आल्या होत्या, प्रमाण लिहून घ्यायला. मी म्हटलं, प्रमाण नंतर, आधी मार्जरीन आणा आणि मला दाखवा. दुकानातूनच त्यांनी फोटो पाठवला, पाकिटाच्या पुढच्या बाजूचा. वर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के शाकाहारी'. उलट्या बाजूचा मागवला. तो आला, अंगठा अर्धा अक्षरांवर, तरी शेवटची ओळ वाचता येत होती. कंटेन्स मिल्क.

ठेवा परत, म्हटलं, शेजारचं उचला आणि तेही उलटं करा.