फळीपासून डबीपर्यंत एकच नंबर : आमची वाटचाल

आम्ही इंदूरला लाकडी ल्युअर बनवतो. ल्युअर म्हणजे गळ लावलेला नकली मासा. पाण्यातून ओढला की तो जखमी माशासारखा डुलत जातो आणि शिकारी मासा त्याच्यावर झडप घालतो. कामाची सुरुवात काकांनी रामबागेतल्या घराच्या मागच्या पडवीत केली. काकांना गळाचा भारी नाद. मंडलेश्वर, ओंकारेश्वर, चोरल अशी त्यांची मित्रमंडळी फिरायची आणि बाहेरून येणारे ल्युअर या मंडळींच्या खिशाला झेपत नसत. आधी मित्रांसाठी, मग मित्रांच्या ओळखीतल्यांसाठी, असं करत काम वाढलं. पुढे मी आलो, वहिनी आल्या, दोन कारागीर आले आणि पडवी अपुरी पडली.

आमच्या रंगकामाबद्दल लोक भरभरून बोलतात. खवले, डोळे, पोटाकडची रुपेरी झाक यांचं कौतुक होतं आणि ते ऐकून बरंही वाटतं. पण आमचा धंदा उभा आहे तो वहिनींच्या नोंदवहीवर, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो.

जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की मागणी बहुतेक एकच असते : ‘मागच्या वेळी दिला होतात ना, अगदी तसाच पाठवा.’ हे ‘अगदी तसाच’ लाकडात फार अवघड आहे. प्लास्टिकचा ल्युअर साच्यातून निघतो, त्यामुळे पहिला आणि हजारावा सारखाच. लाकडाचं तसं नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या वजनात फरक पडतो, आणि एकाच फळीत गाभ्याकडचा तुकडा कडेच्या तुकड्याहून जड निघतो.

एक उदाहरण देतो. आमचा नऊ सेंटिमीटरचा तरंगता ल्युअर साधारण १८ घन सेंटिमीटर जागा व्यापतो, म्हणजे १८ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. पाठ जेमतेम पाण्यावर राहावी म्हणून त्याचं एकूण वजन आम्ही १६ ग्रॅमवर आणतो. गळ, कड्या, तार, लिप (तोंडाखालची पारदर्शक पाती) आणि वरचा थर मिळून साडेचार ग्रॅम होतात. शिवणीचं लाकूड हलकं, म्हणजे घनता ०.४५ निघाली तर अंग ८.१ ग्रॅम भरतं आणि पोटात ३.४ ग्रॅम शिसं बसतं. दुसऱ्या फळीची घनता ०.५५ असेल तर अंगच ९.९ ग्रॅम होतं आणि शिशाला १.६ ग्रॅमच उरतात. दोन्ही तरंगतील एकाच उंचीवर, पण शिसं जास्त असलेला खालच्या बाजूला जड असतो, त्यामुळे त्याचं डुलणं आवरतं. दुसरा मोकळा लोळतो. नेहमी गळ टाकणाऱ्या माणसाला हा फरक काठीच्या टोकावर लगेच कळतो. म्हणून ‘अगदी तसाच’ द्यायचा तर आधीच्या ल्युअरला कोणत्या फळीचं लाकूड होतं आणि पोटात शिसं किती होतं, हे आमच्यापाशी लिहिलेलं हवंच.

फळी आली की आधी ओलावा मोजायचा. बारा टक्क्यांच्या वर असेल तर ती तशीच माळ्यावर जाते. मग तिला नाव मिळतं : शिवणीला ‘शि’, दुधी नावाच्या झाडाला ‘दु’, सागाला ‘सा’, पुढे साल आणि फळीचा क्रमांक. शि-२४-३ म्हणजे २०२४ साली आलेली शिवणीची तिसरी फळी. दुधीचं लाकूड आम्हाला विशेष आवडतं. बुधनीची लाखेची खेळणी याच लाकडाची होतात. पांढरं, बारीक पोताचं, पॉलिश पेपर फिरवला की हाताला रेशमी लागतं. काकांचा पहिला शब्द आजही दुधीसाठीच असतो.

फळीचे ठोकळे पाडले की प्रत्येक ठोकळ्यावर फळीचा नंबर आणि त्याचं स्वतःचं वजन, तेही पेन्सिलीनेच. बॉलपेन किंवा मार्कर आमच्याकडे बाकावर ठेवायचीसुद्धा बंदी आहे. त्यांची शाई सीलरमधल्या (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या पहिल्या थरातल्या) थिनरमध्ये विरघळते आणि पांढऱ्या रंगाखालून निळसर डाग वर येतो. पेन्सिलीचं शिसं जिथल्या तिथे राहतं.

खरी अडचण पुढे येते, कारण रंधा आणि कानस चालली की अंगावरचा नंबर पुसलाच जाणार. बरेच जण इथे कागदाची चिठ्ठी बांधतात, पण सीलरमध्ये बुचकळल्यावर ती भिजते आणि इपॉक्सी (रंगावरचा कडक, चकचकीत थर) चढवताना तिथेच चिकटून बसते. आमच्याकडे तार आरपार असते, नाकापासून शेपटीपर्यंत, म्हणजे लाकूड फुटलं तरी गळ माशासकट दोरीला राहतो. अंग घडवण्याआधीच तारेची खाच पडते आणि त्या खाचेत नंबर पुन्हा लिहिला जातो. तार बसली की नाकाच्या कडीत ठोकून नंबर उठवलेली ॲल्युमिनियमची चकती अडकते. मग सीलर, रंग, इपॉक्सी, सुकवायचं फिरतं चाक, सगळीकडे ती चकती ल्युअरबरोबर फिरते. वर इपॉक्सी साचलं तर थिनरने पुसायचं, आकडे खाली शाबूत असतात.

इपॉक्सीच्या बाटल्यांची वही वेगळी आहे. बाटली कधी आली, कधी उघडली आणि कोणत्या चकत्यांना लावली, हे त्यात असतं. हवेतली आर्द्रताही रोज लिहितो, कारण पावसाळ्यात हार्डनर, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणारा त्यातला दुसरा द्रव, हवेतला ओलावा ओढतो आणि थरावर मेणचट, चिकट पापुद्रा येतो. एका मोसमात कोरड्या हवेतही थर मऊ राहू लागला. नखाने दाबलं तर खूण उमटायची. वही उघडली तर असे सगळे ल्युअर हार्डनरच्या एकाच डब्याचे निघाले. व्यापाऱ्याने तो डबा दुसऱ्याच मालाने भरून दिला होता. नोंद होती म्हणून तेवढेच ल्युअर गिऱ्हाइकांकडून परत मागवता आले आणि बाकीच्या मालावर कुणी बोट ठेवलं नाही.

लिपच्या पारदर्शक पत्र्यांकडे तर विशेष लक्ष लागतं. पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक ही दोन प्लास्टिकं, त्यांचे पत्रे शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. पण ॲक्रिलिकची लिप नर्मदेच्या खडकावर आपटली की तडकते, पॉलिकार्बोनेटची वाकते आणि सरळ होते. दोघांची ओळख असते ती वरच्या संरक्षक फिल्मवर, आणि कापणारा ती आधी सोलून टाकतो. आमचा नियम असा की फिल्म शेवटपर्यंत काढायची नाही आणि उरलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यात सुईने ‘पी’ कोरायचं. इंदूरच्या सियागंज बाजारातून तार आली की तिच्या गुंडाळीलाही जाडी आणि जात लिहिलेली पट्टी लगेच बांधली जाते. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, तरी त्याच्या पकडीत चांगले गळ चपटे होतात. अशा माशासमोर अनोळखी तार पाठवायला माझं मन धजावत नाही.

शिसमाचे ल्युअरही आम्ही थोडे करतो, खोल पाण्यासाठी. शिसम ज्यात मोडतो त्या अख्ख्या डालबर्जिया प्रजातीची नोंद २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परदेशी पाठवायच्या वस्तूत हे लाकूड किती आणि कुठलं हे सांगता आलं पाहिजे. २०२२ साली दहा किलोहून हलक्या शिसमाच्या वस्तूंना सवलत मिळाली, पण आमच्या वहीत शिसमाची पानं तशीच तपशीलवार भरली जातात. शिशाचंही तेच. इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाच्या लहान शिसाच्या वजनांवर बंदी आहे, हंस ती गिळून मरत होते म्हणून. आम्ही डबीवर ‘आत शिसे आहे’ असं ठळक छापतो आणि किती ते ग्रॅममध्ये लिहितो. कुणाला शिसं नको असेल तर पोलादाची गोळी घालून देतो. तिला जागा जास्त लागते, म्हणून अंग जरा जाड होतं.

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. हे दोन महिने आमचे साठा मोजायचे. वहिनी वही घेऊन बसतात, कारागीर एकेक तुकडा दाखवतात, आणि ज्याचा नंबर वहीत सापडत नाही तो कितीही सुरेख असला तरी विक्रीच्या ल्युअरमध्ये जात नाही. तो नव्या मुलांना कानस शिकवायला. काकांना अशा वेळी हळहळ वाटते, पण या बाबतीत वहिनींच्या पुढे कुणाचं चालत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आमचा ल्युअर तुमच्याकडे असेल तर लिपच्या मागे, हनुवटीखाली बारीक कोरलेला नंबर सापडेल. रंग उडाला असला तरी तो वाचता येतो. दुरुस्तीला किंवा ‘तसाच दुसरा’ मागवताना फोटोपेक्षा तो नंबर आधी पाठवा. त्या फळीचं लाकूड शिल्लक असेल तर त्यातलंच वापरू, नसेल तर वजनाने सर्वांत जवळची फळी काढून तसं कळवू आणि तुमचा होकार आल्यावरच कामाला घेऊ.