नऊ शून्यं

आज कपाट आवरताना मे २०२१ मधल्या फॉर्मांचा गठ्ठा हाती लागला. त्यात सिस्टरांचा पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायचा फॉर्म. नऊ प्रश्न, नवांनाही शून्य. निळ्या पेनाने एकाखाली एक, समास आखावा तशी सरळ रेघ. फक्त सहाव्या प्रश्नापाशी ‘२’ वरची खूण खोडलीय आणि मग शून्यावर केलीय. दुपारपासून ती खोडाखोड डोळ्यांपुढून हलत नाही. खाली माझी सही. बेरीज ०, शेरा ‘नॉर्मल’.

मी ते शून्य घेतलं कसं?

फॉर्म गेल्या दोन आठवड्यांचं विचारतो. दर प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले की नीट बसून बोलायचं. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. कोविड वॉर्डात सलग नाइट करणाऱ्या, किट घातल्यावर लघवीला जाता येत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बाईला या तिन्हींत शून्य येईलच कसं? तिथले एक-दोन गुण नुसत्या ड्युटीचेच असतात. आम्ही मोठ्या बेरजेला दचकायचो. खरं दचकायला हवं होतं ते या शून्याला.

तिचा काय दोष? फॉर्मच्या डोक्यावर नाव, हुद्दा, वॉर्ड. गोळा करणार मेट्रन. भरायची वेळ किट उतरवल्यावरची: नाकावर मास्कचा वळ, सॅनिटायझरने चरचरणारे हात, खाली बस उभी. त्यात नोकरी कंत्राटी. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे ला हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. एकदा योद्धा म्हटलं की रडायची सोय उरत नाही.

सहावा प्रश्न असा: आपण कमी पडलो, घरच्यांना तोंडघशी पाडलं असं वाटतं का? लेक आजीकडे आणि आई वॉर्डात, तेव्हा २ हेच खरं उत्तर होतं. तिने ते दिलंही होतं. मग खोडलं. मी ते पाहिलं नाही.

आणि आमचे फॉर्म कोण भरून घेत होतं? माझ्या झोपेचं कुणी विचारलं? त्या महिन्यात मी... जाऊ दे.

काही जणी ड्युटी संपल्यावर स्वतःच्याच बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायच्या. ९८. पाच मिनिटांनी परत. ९८. धडधडतं म्हणून बघायचं, आकडा दिसला की हायसं, आणि त्या हायशासाठीच पुन्हा बघायचं. चिंता अशीच पोसली जाते. त्यांना सांगायचो, दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी. हे दिसत होतं म्हणून जमलं. खोडलेलं दिसायला कागद उजेडात धरावा लागतो, आणि तेव्हा टेबलावर गठ्ठे होते. तेवढंच होतं हातात, असं आता वाटतं.

यापुढे फॉर्मवर नाव नको, नंबर. तो कुणाचा हे फक्त समुपदेशकाला ठाऊक. मेट्रनच्या हाती कागद नको. नवव्या, मेलेलं बरं वाटतं का या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं, तर त्याच दिवशी, दार लावून, स्पष्ट विचारायचं. विचारल्याने तसले विचार मनात भरत नाहीत. आणि नाइटवाल्या कुणी झोपेपुढे शून्य लिहिलं, तर बेरीज न करता चहा मागवायचा.

सिस्टरांचा नंबर आहे अजून. रविवारी लावते.