नागोरी संपायच्या आत

चांदणी चौकात मी याआधी एकदा जाऊन आले होते, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा भर दुपारी पराठेवाली गली गाठली, दोन पराठे हाणले, वर लस्सी ढोसली आणि पोट असं तट्ट झालं की लाल किल्ला लांबूनच बघून मेट्रोत बसले. तरी घरी आल्यावर वर्षभर ‘जुन्या दिल्लीचं खाणं’ या विषयावर मी प्रवचनं दिली. खाल्ला होता एकच पदार्थ.

या जानेवारीत ताईबरोबर दिल्लीला जायचं ठरलं, तेव्हा मी गाईडबरोबरच्या खाद्यफेरीचं बुकिंग करून टाकलं. ताईला काही ते पटेना. “खायला कुणी दाखवायला लागतं का गं? तोंड आपलं, पोट आपलं, आणि वर पैसेही आपलेच!” पण आगाऊ रक्कम भरून झाली होती. भरलेले पैसे वाया जाऊ देणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही.

बुकिंग करताना दोन फेऱ्या समोर आल्या. संध्याकाळची जामा मशिदीच्या बाजूची, कबाब-कोर्म्याची. सकाळची चावडी बाजारातून निघून खारी बावलीपर्यंत, पूर्ण शाकाहारी. आम्ही शाकाहारी, त्यामुळे विचार करायला जागा नव्हती. एका फेरीत किती माणसं, किती चालायचं, स्वच्छतागृहाची सोय काय, हे तीन प्रश्न मी आधीच विचारून घेतले. उत्तरं आली: जास्तीत जास्त आठ माणसं, सगळं मिळून तीनेक किलोमीटर, आणि मधे गुरुद्वारा आहे, तिथे उत्तम सोय आहे. तिसऱ्या उत्तरावर ताई जरा विरघळली.

सगळं शनिवारचं ठरलं आणि ताईने कालनिर्णय उघडलं. शनिवारी संकष्टी! चार तास खाण्याची फेरी आणि हिचा चंद्रोदयापर्यंत उपवास. रविवार चालला नसता, त्या दिवशी तिथला बाजार बहुतेक बंद असतो. सोमवारी त्यांच्याकडे जागा नव्हती. राहता राहिला मंगळवार. दोन दिवस आधी कळवलं तर तारीख फुकट बदलून मिळते, हा नियम मी बुकिंग करताना वाचला होता, म्हणून वाचलो. बुधवारी संध्याकाळची परतीची गाडी होती, तेवढं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मंगळवारी सकाळी साडेआठला चावडी बाजार मेट्रोच्या दारात उभं राहायचं होतं. हे स्टेशन इतकं खोल आहे की सरकत्या जिन्यावरून वर येता येता माणूस अर्धा जागा होतो. बाहेर धुकं, हातगाड्यांची गर्दी आणि डोक्यावर विजेच्या तारांचं जंजाळ. आमच्याबरोबर कोलकात्याचं एक जोडपं आणि एकटीच फिरणारी एक डच बाई. गाईड पंचविशीचा पोरगा, याच गल्ल्यांत लहानाचा मोठा झालेला. त्याने मला ‘दीदी’ म्हटलं आणि ताईला ‘आंटी’. आमच्यात तीन वर्षांचं अंतर आहे. ताईने पुढचा अर्धा तास त्याच्याशी फक्त मानेने संवाद साधला.

निघायच्या आधी त्याने एकच नियम सांगितला. एका पदार्थाचे दोन घास, फार तर तीन. दोघांत एक प्लेट. आणि मग एक वाक्य टाकलं, “यहाँ खाना दुकान से नहीं, घड़ी से चलता है।” तेव्हा मला तो पाठ केलेला संवाद वाटला.

पहिला थांबा बेडमी पुरी. कणकेच्या पुरीत उडदाच्या डाळीचं तिखट सारण, बरोबर हिंग मारलेली बटाट्याची रस्साभाजी आणि वर मेथीदाण्यांची आंबटगोड चटणी. ती कडवट चटणीच सगळ्यांत सरस होती. मागोमाग नागोरी हलवा आला. नागोरी म्हणजे रवा घातलेली, तळहातापेक्षा लहान, कडक फुगलेली पुरी. ती वरून फोडायची, आत गरम शिरा भरायचा आणि एका घासात तोंडात टाकायची. आपल्या पाणीपुरीचीच तऱ्हा, फक्त पाण्याच्या जागी साजूक तुपातला शिरा. काही जण शिऱ्यावर ती बटाट्याची भाजीही घालून खात होते. ताईने नाक मुरडलं, मग करून बघितलं, मग परत करून बघितलं.

मी मात्र इथेच घोळ घातला. बेडमी इतकी आवडली की ‘दोघांत एक’ हा नियम झुगारून आणखी एक प्लेट सांगितली आणि ती एकटीने संपवली. गाईड काही बोलला नाही. फक्त घड्याळ बघून म्हणाला, “चलिए, झाग बैठ जाएगा।”

हा झाग म्हणजे दौलत की चाट. नावात चाट आहे, पण तिखट-आंबट काही नाही. दुधाचा फेस आहे तो. थंडीच्या रात्री दूध उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस हलक्या हाताने काढून परातीत रचतात. वर केशर, खवा, पिस्ते आणि भुरा साखर. किनारी बाजाराच्या तोंडाशी एक जण मोठी परात घेऊन बसला होता, वर मलमल झाकलेली. द्रोण हातात आला तेव्हा रिकामाच आहे की काय असं वाटलं, इतका हलका. जिभेवर ठेवला की गोडवा आणि केशराचा वास उरतो, पदार्थ गायब. उन्हाळ्यात हे मिळत नाही, आणि हिवाळ्यातही ऊन तापलं की फेस बसायला लागतो. बनारसला यालाच मलइयो म्हणतात, लखनौला निमिष. बारा वर्षांपूर्वी मी मे महिन्यात दुपारी दोनला आले होते, ते इथे आठवलं आणि घड्याळाचं ते वाक्य जरा डोक्यात शिरलं.

कोलकात्याच्या काकांना निहारी, म्हणजे मटणाचा रस्सा, हवी होती. शाकाहारी फेरीत आपण का आलो, याचा दोष त्यांनी अधूनमधून काकूंवर ढकलला. गाईड म्हणाला, रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी खाण्याची खरी वेळ पहाटेची, तिकडे मटिया महालला उद्या लवकर जा. काकांनी ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

किनारी बाजारातून चालणं म्हणजे लग्नाच्या आहेरातून चालणं. गोटा, जरी, तोरणं, फेटे, नवरदेवाच्या गळ्यातल्या नोटांच्या माळा. बाजूलाच नौघरा नावाची आंधळी गल्ली आहे, नऊ जैन घरांची, रंगवलेल्या दारांची. दोन पावलं आत गेलं की बाजाराचा आवाजच बंद. ताई तिथे एका पायरीवर बसली आणि पिशवीतून ओव्याची डबी काढली. मी मुकाट्याने हात पुढे केला.

पराठेवाली गली आली तेव्हा माझं पोट बेडमीपाशीच अडकलं होतं. इथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, कढईत तुपात तळतात. जैन आणि वैष्णव गिऱ्हाइकांमुळे कांदा-लसूण नाही. वाढणाऱ्याने भाज्यांची नावं सांगितली, त्यात ‘सीताफल की सब्ज़ी’ आली. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. सीताफळाची भाजी, तीही गरम मसाला घालून? समोर आला तो लाल भोपळा! दिल्लीत सीताफल म्हणजे भोपळा, आपल्या सीताफळाला ते शरीफा म्हणतात. मी पराठ्याचा एकच तुकडा मोडला. डच बाईने नियम काटेकोर पाळला होता, त्यामुळे ती ताजीतवानी होती आणि माझाही वाटा तिनेच संपवला.

दरीबा नावाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जिलबी. दुकानाच्या पाटीवर 1884 साल आहे. जिलबी बोटाएवढी जाड, आपल्या लग्नातल्या कुरकुरीत जिलबीच्या अगदी उलट, चावली की पाकाचा फवारा उडतो. खरं सांगायचं तर मला आपली मठ्ठ्याबरोबरची पातळ जिलबीच बरी वाटते. हे मी गाईडला सांगितलं नाही.

आता खाण्याला विश्रांती होती. शीशगंज गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून, पाय धुऊन आत गेलो. 1675 मध्ये गुरू तेग बहादूर यांचा शिरच्छेद झाला ती ही जागा. शेजारच्या सुनहरी मशिदीतून नादिरशाहने 1739 ची कत्तल पाहिली, हेही त्याने तिथेच सांगितलं. जिलबीच्या दुकानापासून हे सगळं पाचेक मिनिटांवर. आम्ही बराच वेळ गप्पच होतो. लंगरमध्ये ताई न सांगता रोट्या लाटायला बसली. तिथून तिला उठवायला पंधरा मिनिटं लागली आणि गाईडचं वेळापत्रक कोलमडलं, पण या वेळी त्याने घड्याळ पाहिलं नाही.

आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर तो खुलला. वाट थोडी वाकडी करून गौरीशंकर मंदिर दाखवलं. आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने ते 1761 मध्ये बांधलं असं सांगतात. चावडी बाजारातली ‘चावडी’सुद्धा आपलीच, असंही म्हणतात. माझी मान ताठ व्हायला लागली, तेवढ्यात लाल किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाला, “और दीवान-ए-ख़ास की चाँदी की छत भी आप ही लोग ले गए थे।” खोटं नव्हतं. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला ते चांदीचं छत काढून वितळवलं होतं. “पानिपतावर सगळं फेडलं रे बाबा,” ताई मराठीतच म्हणाली. त्याला बहुधा कळलं, कारण त्यानंतर त्याने तिला आंटी म्हणायचं सोडून ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली.

मग सायकलरिक्षा करून फतेहपुरीकडे. 2021 पासून या मुख्य रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, त्यामुळे रिक्षातून दोन्ही बाजू निवांत बघता येतात. शाहजहानच्या मुलीने, जहाँआराने, 1650 च्या सुमारास हा चौक आखला तेव्हा मधोमध कालवा वाहत होता. इंग्रजांनी पुढे चौकात घड्याळाचा मनोरा उभारला. 1950 च्या सुमारास तो पडला, तरी रिक्षावाले त्या जागेला अजून ‘घंटाघर’च म्हणतात.

खारी बावली म्हणजे मसाल्याचा घाऊक बाजार. गदोदिया मार्केटच्या जिन्यात शिरलो आणि सगळे एकसाथ खोकायला लागलो. चौकात मिरच्यांची पोती रचलेली, हमाल ती पाठीवरून नेतात आणि हवेत तिखट उडतं. तोंडाला रुमाल बांधून या, असं खरं तर बुकिंगच्या सूचनांत लिहायला हवं होतं. गच्चीवर पोहोचल्यावर मात्र श्वास मोकळा झाला: एका बाजूला फतेहपुरी मशिदीचा घुमट, खाली मुंग्यांसारखी हातगाड्यांची रांग. तिथे कुल्हडमधला चहा प्यायलो. शेवटी रबडी फालुदा होता. मी फक्त बघितला.

बुधवारी गाडी संध्याकाळची होती. मला ती नागोरी पुन्हा खायची होती, या वेळी बेडमीच्या आधी आणि दोनच घास. रस्ता पाठ झाला होता, गाईडची गरज नव्हती. सामान आवरण्यात, चहात आणि ताईच्या फोनवर वेळ गेला. चावडी बाजारचे ते सरकते जिने चढून दुकानापाशी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. कढईवरचा माणूस दुसरंच काही तळत होता.

“नागोरी?” मी विचारलं.

“नागोरी तो सुबह की चीज़ है, मैडम,” तो वर न बघता म्हणाला. “कचौड़ी दूँ?”

ताईने दोन बोटं दाखवली, मग माझ्याकडे बघून एक मिटलं.