एक, आठ, चार, तीन…

जळगावात मी बिल्डरांची मॉडेल्स करून देते. रो-हाउस, अपार्टमेंट, मंगल कार्यालयं, मधूनच एखाद्या कृषी प्रदर्शनासाठी ठिबकचं चालतं मॉडेल. १:१०० च्या इमारतीत खरंखोटं फारसं कुणी बघत नाही. गच्चीवर सोलर, कंपाउंडला हिरवीगार झाडं आणि दारात एक पांढरी कार चिकटवली की बिल्डर खूश. ती पांढरी कार कुठल्या कंपनीची, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

म्हणून अमळनेरचे आबा जिना चढून आले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "ताई, हाई गाडी बनाडनी शे," तेव्हा मला वाटलं, शोकेसमधलं खेळणं पाहिजे असेल. फोटोत लाल रंगाची जुनी अमेरिकन गाडी होती. मागची चाकं रोडरोलरसारखी रुंद, पुढची सायकलला शोभतील इतकी बारीक, बॉनेटवर मोठं नाकाड आणि मागे शेपटीसारखे दोन दांडे. त्या दांड्यांच्या टोकालाही छोटी चाकं.

आबा डिझेल इंजिन आणि ट्रॅक्टरचे मिस्तरी. सारी हयात ग्रीसमध्ये गेलेली. मुलगा अमेरिकेत नोकरीला, आणि तिथे मित्रांबरोबर शनिवार-रविवार ड्रॅग रेस करतो. ही १९६६ ची शेव्हरोले नोव्हा त्यांची सामाईक. घरातल्या कुणीच ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. पोरगा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येणार होता, भाचीचं लग्नही तेव्हाच होतं, त्याच्या आत गाडी तयार हवी.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या, दोन पट्ट्या, वळण नाही. अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, साधारण ४०२ मीटर. अमेरिकेत १९५१ साली वॉली पार्क्सनं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि या खेळाला नियम आले. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्यात. हे सगळं मी त्या आठवड्यात वाचून काढलं. आबांनी काहीच वाचलं नव्हतं, आणि त्यांना माझ्या आधी कळलं.

शेपटीचे दांडे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "उसाची भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं नाक वर जातं का नाही? तसंच. मागच्या चाकाला जोर आला की तोंड उचलतं. दांडा खाली टेकतो, म्हणून गाडी उलटी पडत नाही." या दांड्यांना व्हीली बार म्हणतात. त्यांच्याबद्दल नंतर मी पानंच्या पानं वाचली, पण या तीन वाक्यांपलीकडे त्यात फारसं काही नव्हतं.

किट मागवलं १/२५ चं. अमेरिकन गाड्यांची किटं बहुधा याच मापात येतात, आणि हे माप हिशेबाला फार सोयीचं. एका इंचात २५.४ मिलिमीटर, त्यामुळे खऱ्या गाडीतला एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ एक मिलिमीटर. नोव्हाच्या पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर ११० इंच, मॉडेलवर ११२ मिलिमीटर धरायचं. पाव मैलाचा ट्रॅक याच मापात काढला तर १६ मीटर भरतो, म्हणजे माझ्या दुकानापासून चहावाल्यापर्यंत.

पेटी आली ती पुढची काच तडकलेलीच. विकणाऱ्यानं महिनाभर उत्तर दिलं नाही, मग मी नाद सोडला. नव्या शर्टाच्या कॉलरखाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते ना, तिच्यातून काच कापून काढली. तिची जाडी मापाला चांगली बसते.

किटातली गाडी रस्त्यावरची, सभ्य. तिच्यात ते मागचे स्लिक, म्हणजे बिननक्षीचे गुळगुळीत टायर बसणं शक्यच नव्हतं. खऱ्या गाडीचे टायर १४ इंच रुंद, म्हणजे इथे १४ मिलिमीटर. त्यासाठी मागचा तळ सोनाराच्या बारीक करवतीनं कापला, मागची सीट काढून टाकली, मागचा आस दोन्ही बाजूंनी छाटून आखूड केला आणि अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरिन शीटला गोलाई देऊन चाकांसाठी आतल्या बाजूला दोन मोठी घरं केली. अमेरिकेतले गॅरेजवालेही हेच करतात, फक्त ते पत्रा कापतात. हे सगळं कशासाठी, तर जमिनीला जास्त रबर टेकावं म्हणून. पुढच्या चाकांना ओढायचं काही नसतं, ती नुसती घरंगळायची, म्हणून शक्य तितकी हलकी आणि बारीक. हे लक्षात आल्यावर तो फोटो मला विचित्र दिसेनासा झाला.

पिंजऱ्याला मात्र वेळ लागला. पाव मैल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पूर्ण पिंजरा, सक्तीचा असतो, आणि आबांच्या मुलाची गाडी ९.८६ ची. पाइप पावणेदोन इंचाच्या आतबाहेरचे, म्हणजे मला दीड-पावणेदोन मिलिमीटरची तार हवी. प्लॅस्टिकची काडी गरम करून वाकवली की थोडी परत सरळ होते, दोन कमानी कधीच सारख्या येत नाहीत. शेवटी पितळी तार घेऊन सराफ बाजारातल्या एका कारागिराकडे गेले. त्यानं चिमट्यात धरून कमानी वाकवल्या, दारापाशी आडवे दांडे घेतले, एकेका सांध्याला डाख दिला. दुकानात नथ घ्यायला आलेल्या बाई बराच वेळ बघत होत्या. "हा कुठल्या देवाचा मखर?" त्यांनी विचारलं. कारागीर मान वर न करता म्हणाला, "ड्रायव्हरचा."

ओळखीतल्या एकानं सुचवलं, मागे वेग आवरायचं पॅराशूटही लाव, टीव्हीवर बघितलंय, भारी दिसतं. आबांनी मुलाला विचारलं. पॅराशूट ताशी १५० मैलांच्या पुढे सक्तीचं, ही गाडी तिथवर जात नाही. "मंग नही," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

रंगाचं लवकर आटोपते. एप्रिलमध्ये जळगावात दुपारी स्प्रे मारला की रंगाचा फवारा गाडीवर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंग खरबरीत येतं. कूलर लावला तर ओलाव्यानं पांढुरकी झाक येते. म्हणून पहाटे पाचला, फरशीवर पाणी मारून, उशिरा उडणारा थिनर घालून पातळ हात दिले. लाल रंग ऑटो पेंटच्या दुकानात फोटोवरून मिसळून घेतला. त्यांच्या थिनरनं प्लॅस्टिकला तडे जातात, म्हणून आधी प्रायमरचे तीन कोरडे हात. झालं.

खरी गंमत इंजिनात आली. इंजिन व्ही-एट, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर, शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक. किटात ते नुसतं दोन अर्धुकं चिकटवून येतं, वायर एकही नाही. चिकटवून रंगवलेल्या इंजिनाचा फोटो मी आबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन. "फायरिंग ऑर्डर काय धरली?" म्हणजे सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटणार, ते.

मी म्हटलं, आबा, हे इंजिन माझ्या अंगठ्याएवढं आहे.

"अंगठ्याएवढं असो नाहीतर रांजणाएवढं. वायरी आठ असतील त बरोबर जागी जातील ना?"

रात्री मुलाकडून उत्तर आलं: १-८-४-३-६-५-७-२. डाव्या रांगेत पुढून मागे १, ३, ५, ७, उजव्या रांगेत २, ४, ६, ८. सिलिंडरांना ठिणगीचा करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला, आणि त्यातला रोटर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेनं फिरतो. म्हणजे त्याच्या टोपणावर त्याच क्रमानं, त्याच दिशेनं वायरी लावायच्या.

टोपण केलं तीन मिलिमीटरच्या काडीचं. तिच्या माथ्यावर मधे एक आणि गोल आठ अशी नऊ भोकं पाडायची, ०.४ च्या ड्रिलनं, हातानं. ड्रिल केसासारखं, जरा तिरकं झालं की तुटतं. पंखा बंद, कारण भुसा उडतो. कपाळावरचा घाम भिंगावर टपकतो. खऱ्या प्लग वायरी आठ मिलिमीटर जाडीच्या, मला त्यांच्या पंचविसाव्या हिश्श्याची हवी होती. ती मिळाली मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. खानदेशात केळी आहे तोवर सबमर्सिबल जळत राहणार आणि रिवाइंडिंगवाल्याकडे तांब्याची तार मिळत राहणार. ३० गेजची तार ०.३१ मिलिमीटरची, हिशेबात चोख बसली. त्यानं हातभर तार फुकट दिली आणि विचारलं, किती एचपीची मोटर आहे. मी खरं सांगितलं, साडेपाचशेच्या आसपास. तो हसला नाही, तार मात्र पुन्हा एकदा निरखली.

वायरींना लाल रंग दिला, एक-एक करून टोपणात रोवल्या, चिमट्यानं वळवून आपापल्या सिलिंडरपाशी नेल्या. तेवढ्यात मुलाचा निरोप आला: पाच आणि सातच्या वायरी एकमेकींना लागून ठेवू नका. ही दोन सिलिंडर शेजारी-शेजारी आहेत आणि क्रमातही एकापाठोपाठ पेटतात. वायरी समांतर चिकटून गेल्या तर पाचचा करंट सातच्या वायरीत उतरतो आणि सातमध्ये ठिणगी वेळेआधी पडते. आबांचं आयुष्य डिझेलवर गेलं, डिझेलला स्पार्क प्लग नसतो, पण तेही म्हणाले, बरोबर बोलतो पोऱ्या. मी सातची वायर खालून वळसा घालून नेली. दोघींत दोन मिलिमीटर फट राहिली, म्हणजे खऱ्या गाडीतले दोन इंच.

"मग बॉनेट उघडं ठेवू ना आबा? एवढं केलंय तर दिसू दे."

"नही, बंद ठेवा. आत बरोबर शे ना? बस."

बिल्डरांपैकी कुणी असं म्हणाला असता तर मी भांडले असते.

आखाजीच्या आधी बापलेक दोघंही गाडी न्यायला आले. मुलानं आधी काचेतून मागे बघितलं, मग उलटी करून चेसिस बघितली, मग कुणी सांगायच्या आत बॉनेट उचललं आणि बोटानं न शिवता वायरी मोजल्या. राहिलं होतं फक्त काचेवर आकडा लिहिणं. ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपली गाडी पाव मैलाला किती सेकंद घेणार, ते चालकानं आधीच सांगून काचेवर लिहायचं असतं. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ आधी मंद गाडीला हिरवा दिवा मिळतो. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर बाद.

"म्हंजे जास्त पयनी त हारनी?" आबांनी दोनदा विचारून घेतलं.

मी बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून ९.८६ लिहायला घेतलं, तर आबांनी हात धरला. ही वेळ कुठली? मुलगा म्हणाला, गेल्या ऑक्टोबरची, थंडीची. आबा म्हणाले, गाडी आता अमळनेरात राहणार. ४३ डिग्रीत हवा पातळ, सिलिंडरमध्ये हवा कमी भरणार, तिथे ९.८६ निघणारच नाही. खोटा आकडा लिहायचा नाही.

"बाबा, मॉडेल आहे ते."

"म्हनूनच. कायम तोच आकडा दिसी."

मुलानं मोबाइल काढला, तापमान, दमटपणा, समुद्रसपाटीपासूनची उंची घालून हिशेब केला. आला १०.०४. आबांनी मान डोलावली. मुलगा म्हणाला, पण दहाच्या वर गेलं तर पिंजरा सक्तीचा राहत नाही.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आकडा काय हवा तो लिहिते, पिंजरा निघणार नाही. तो डाख देऊन बसवलाय, आणि सोनाराची मजुरी वेगळी लागेल.