आहेराची साडी का घेत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

दोन प्रश्न मला सारखे येतात. एक स्टाफरूममधला, की मॅडम तुमचे कपडे मोजकेच, तरी रोज वेगळे कसे दिसतात, आमचंही कपाट आवरायचंय, काय काय काढू. दुसरा घरचा, लग्नाकार्यात जरा खालच्या आवाजात, तू आहेराची साडी घेत का नाहीस गं. पहिल्याचं उत्तर मी आनंदानं देते, दुसऱ्याचं आजवर टाळत आले. पण दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी येऊन थांबतं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी सोपं. साडी जुनी होत नाही, ब्लाउज होतो. साडी काढून टाकायच्या आधी तिचा ब्लाउज बघा, बाजूची शिलाई उसवा, टेलरनं आत मार्जिन सोडलं असेल तर इंच-दीड इंच सहज सुटतो, आणि नवीन शिवायला टाकताना आधीच सांगून ठेवा की आत जास्तीचं कापड ठेव म्हणून. माझे रोजचे ब्लाउज तीनच, काळा सुती, मरून खणाचा आणि एक इकतचा ज्यात चार रंग आहेत, या तिघांवर जवळपास सगळं जातं. साडेपाच मीटरच्या सुती साडीत एक कुर्ता आणि वर एक ओढणी निघते, काठ बाह्यांना लावायचे. समोरून पूर्ण उघडणारा गुंड्यांचा कुर्ता शिवला तर बंद करून कुर्ता, उघडा ठेवून जॅकेट. सुती ओढणी स्कूटीवर तोंडाला, वर्गात गळ्यात. सासूबाईंची एक हिमरू शाल आहे, सूत आणि रेशीम मिळून विणलेली, ती साध्या काळ्या कुर्त्यावर घेतली की लग्नात कोणी विचारत नाही. नवीन घेत नाही त्याला एक कारण पाणीही आहे. एका सुती टी-शर्टामागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगतात, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तिच्यात ५ लाख लिटर होतं, म्हणजे दोनशे टी-शर्टांनाही ते पुरलं नसतं. माझी नणंद लातूरचीच, तो उन्हाळा तिनं काढलाय. आता आमच्याकडचा कापूस बहुतेक पावसावरचा, त्याला हा हिशोब तसाच्या तसा लागू होत नाही हे मला माहितीय, तरी दुकानात गेले की तो आकडा आठवतो.

हे झालं. पण कपाट आवरायचं म्हणून जे सल्ले मिळतात ना, वर्षभर घातलं नाही ते काढा वगैरे, त्यात असं धरलेलं असतं की कपाटातलं सगळं तुम्हीच विकत आणलंय. आमच्या परभणीत कुठलंही कपाट उघडा. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांती, लग्न, अगदी तेराव्याला सुद्धा साडी येते. आई गेल्यावर तिची ट्रंक आम्ही बहिणींनी उघडली तर वर तीन-चार सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, ती नेसायची त्या, आणि खाली सगळ्या द्यायच्या-घ्यायच्या. दुकानाचं लेबल तसंच, आणि आत चिठ्ठी, कोणाकडून आली त्याची, म्हणजे चुकून त्याच घरी परत जाऊ नये. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या साड्या सांभाळल्या. सुती होत्या त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली, खालच्यांचं काय करायचं ते कोणाला कळेना.

कारण त्या सगळ्या सिंथेटिक. कडेचा धागा काढून काडी लावून बघा, सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. त्याची वाकळ होत नाही, थर घसरतात, घाम शोषत नाही, त्याचं फडकंही धड होत नाही. मग गावाकडं रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताच्या कडेनं बांधतात, तशा साड्या मी स्वतः दिल्यात, आणि एक-दोन उन्हाळ्यात त्यांचे धागे होऊन मातीत जातात तेही बघितलंय. कापूस वेचताना बायका कमरेला तीच साडी बांधतात, तिचे रंगीत धागे कापसात जातात आणि तो माल जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढतात तिथं, खराब धरतात, म्हणून तर वेचणीला सुती कापड वापरा असं सांगतात. तेव्हा "कोणाला तरी देऊन टाक" हे मला सांगू नका. दिलं म्हणजे संपलं असं या साडीचं होत नाही, माझ्या कपाटातून दुसरीच्या कपाटात जाते एवढंच.

म्हणून आमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर छापलं, कृपया आहेर आणू नये. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. जिंतूरकडची माझी मावशी, आईच्या पाठची, तिचंही रान कापसाचंच आणि त्यावर्षी हातात काही आलेलं नाही. ती एसटीनं आली, पूजा झाल्यावर मला म्हणाली पाटावर बस, आणि पिशवीतून हिरवी साडी काढली. मी हात जोडले. म्हटलं मावशी, कुंकू लाव, नारळ दे, साडी नको. तिला वाटलं मी मान ठेवायला म्हणून नको म्हणतेय, तसं आपल्यात म्हणतातच, तिनं पदर उलगडून माझ्या खांद्यावर टाकला. मी तो काढून घडी करून तिच्या हातात दिला. बाकीच्या बायका बघत होत्या.

"हलकी हाय म्हून घेईनास का माय?"

म्हटलं तसं नाही गं, मी कोणाचीच घेत नाहीये, आत्याचीही नाही घेतली.

"म्हंजे मी समद्यासारखीच का?" आणि मग, "तुझी माय असती तर तिनं नेसवली असती. तिच्या जागी म्या आणली."

यावर माझ्याकडं काहीच नव्हतं. ती जेवली, पण ताटातलं पुरण तसंच राहिलं, आणि दुपारच्याच गाडीनं गेली. साडी पिशवीत परत.

भाऊ म्हणतो घेऊन ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं. तिची घेतली असती तर आत्यानं विचारलं असतं माझी का नाही, आणि पुढच्या कार्याला पुन्हा ढीग. त्या वेळची मी हेच म्हणायची, एकीला सूट दिली की नियम संपला. अजूनही मला ते पटतं. पण बोंडअळीच्या वर्षी एका कापूसवालीनं पैसे जमवून माझ्यासाठी साडी आणली आणि ती पॉलिस्टरची होती, यात मावशीचा काय दोष, तिला परवडेल असं दुकानात तेच तर होतं. मावशी अजून येते, कुंकू लावते, नारळ देते, साडीचा विषय काढत नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तिच्या नातवाचं लग्न आहे. वहिनींना, म्हणजे मावशीच्या सुनेला (त्या मावशीला आत्याबाई म्हणतात), मी सुचवलं की चौघींत मिळून एकच सुती घ्या, नाहीतर टॉवेल, चादर द्या, निदान वापरून तरी संपेल. वहिनी म्हणाल्या, ताई, सुती साडीचा रेट बघितलात का, यादीतली माणसं तर तेवढीच, कोणाला गाळू सांगा. मला सांगता आलं नाही. म्हटलं निदान माझं नाव तरी काढा. तर म्हणाल्या, ते आत्याबाईंना तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार.