डिपॉझिट आणि पुराची रेघ

सांगलीत गावभागात तळमजल्याच्या घरात आम्ही 22 महिने भाड्यानं राहिलो. डिपॉझिट 30,000. एप्रिल 2024 मध्ये किल्ल्या दिल्या तेव्हा मालकांनी हातावर 8,000 टेकवले. बाकीच्याचा हिशोब वहीच्या फाटक्या पानावर: रंग 12,000, गिलावा 7,000, ओट्याचा कडप्पा 3,000.

कडप्प्याचं खरं होतं. कुकर निसटून कड उडाली होती, ती आमचीच चूक. पण गिलावा? मालकांचं म्हणणं, "तुम्ही घरात ओले कपडे वाळत घालता, म्हणून भिंतींना ओल आली."

त्या भिंतींना लोणा होता, आणि तो आमच्या आधीपासूनचा. हात फिरवला की पांढरी भुकटी बोटाला लागायची. गंमत म्हणजे चारही भिंतींवर तो एकाच उंचीवर थांबायचा, साधारण माझ्या छातीपर्यंत, दोरी लावून आखल्यासारखा. सांगलीकराला ही रेघ काय ते सांगावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळीच 45 आहे. 2021 ला पुन्हा पूर. कपडे वाळत घालून अशी सरळ रेघ उमटते होय?

नशीब, राहायला आलो त्या दिवशी बायकोनं सगळ्या खोल्यांचे फोटो काढून मालकांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. मी तेव्हा तिला हसलो होतो.

दोन महिने फोनाफोनी झाली. "काका, बघा की जरा." "बघू हो, कशाला ताणताय?" पोलीस चौकीत विचारलं, तर दिवाणी मामला आहे म्हणून दोन मिनिटांत बाहेर. मग ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी आधी करार मागितला. पहिल्या 11 महिन्यांचा रजिस्टर झालेला होता. त्यात नेहमीच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे रंगाच्या 12,000 चा मालकांचा दावा तिथेच गळाला. पुढच्या 11 महिन्यांचा करार मात्र नोंदवलाच नाही; मालक काका म्हणाले होते, "असू द्या हो, कशाला खर्च?" मला वाटलं, इथे आपण अडकलो. वकील उलट खूश. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध केलं नाही तर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोटो जोडून रजिस्टर एडीनं नोटीस गेली. उत्तर आलं नाही, फक्त सही झालेली गुलाबी पोचपावती परत आली. ती मी अजून जपून ठेवली आहे. दावा लावायच्या आधी वकिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज टाकायला लावला. कोर्ट फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही.

लोकअदालतीच्या दिवशी काका मुलाला घेऊन आले. मुलानं मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला आणि वडिलांना हळूच म्हणाला, "अप्पा, ही तर पुराची रेघ आहे." काका काही बोलले नाहीत. कडप्प्याचे 3,000 मी सोडले, वर आणखी 1,000 सोडले. 18,000 वर सह्या झाल्या.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "नवीन घर कुठं घेतलं?"

"विश्रामबागला. दुसरा मजला."

"बरं केलंत," म्हणाले.